थैली, इनाम आणि बिदागी : मोठ्या लढती का अडतात?

मल्लाला किंवा मुष्टियोद्ध्याला मिळणाऱ्या पैशाला मराठीत एकच एक नाव नाही, आणि ही गोष्ट केवळ शब्दसंपत्तीची नव्हे. इनाम हा मुळात अरबी शब्द. अनुग्रह हा त्याचा भाव, म्हणजे देणाऱ्याच्या मर्जीने दिलेली वस्तू. बिदागी ही निरोपाची. गवई, कीर्तनकार, मल्ल असा कोणीही गुणी मनुष्य आपले काम करून निघाला की त्याच्या हाती ठेवावयाची. विसार हा त्याच्या अगदी उलट. व्यवहार पक्का झाल्याची खूण म्हणून तो आगाऊ द्यावयाचा. आणि इंग्रजी मुष्टियुद्धात ज्या रकमेला ‘पर्स’ म्हणतात तिला थैली हाच नेमका प्रतिशब्द होय : दोन योद्ध्यांसाठी मिळून एकत्र बांधलेली, पुढे दोघांत वाटावयाची रक्कम. हे चारही शब्द पैशाचेच. परंतु पैसा कोणी, केव्हा आणि कशाबद्दल द्यावयाचा हे प्रत्येक शब्द निराळे सांगतो. मोठ्या लढती पैशावरून अडतात असे सर्रास म्हटले जाते. त्या नेमक्या कशावरून अडतात हे पाहू लागले, तर रकमेच्या आकारापेक्षा ह्या ‘केव्हा’चे महत्त्व अधिक असल्याचे दिसून येते.

प्रथम घरची उदाहरणे घेणे सोयीचे. पालघर जिल्ह्यातील जव्हार हे एकेकाळचे मुकणे घराण्याचे संस्थान; तेथे दसऱ्याच्या उत्सवात कुस्त्या लावण्याची जुनी परंपरा आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी बांधविलेले खासबाग मैदान तर सर्वांच्या परिचयाचेच. खासबागेतील फड आणि एखाद्या खेड्यातील यात्रेचा फड ह्यांत वैभवाचे अंतर पुष्कळ असले, तरी रचना मात्र एकच असते. आरंभी रेवडीवरच्या, नारळावरच्या पोरांच्या कुस्त्या. मग चढत्या इनामाच्या जोडी. आणि शेवटी एक नंबरची कुस्ती. जोड पंच ठरवितात आणि इनाम त्या कुस्तीवर लावलेले असते, मल्लावर नव्हे. जो चितपट करील तो ते घेईल. एखाद्या जोडीतला मल्ल आला नाही किंवा अडून बसला, तर त्याच फडात दुसरा कोणी लंगोट कसून तयार असतो. जोड बदलते, मैदान चालू राहते. त्यामुळे येथे कुस्ती सुरू होण्यापूर्वी पैशावरून खोळंबा होण्यास फारसा वावच राहत नाही.

हेवीवेट मुष्टियुद्धात नेमकी ह्याच्या उलट स्थिती असते. हेवीवेट म्हणजे ज्या गटाला वजनाची वरची मर्यादा नाही असा गट. ह्या गटात एका वेळी ज्यांची लढत साऱ्या जगाला पाहावीशी वाटते असे योद्धे दोन, फार तर तीन असतात. त्यांतल्या एकाला वगळून दुसऱ्याला बदली घेता येत नाही. प्रेक्षक जोड विकत घेतो, एकटा मल्ल नव्हे. म्हणजे जो काही पैसा उभा राहतो तो दोघांनी मिळून उभा केलेला असतो, आणि त्यातला कोणाचा वाटा किती हे सांगणारा बाजारभाव अस्तित्वातच नसतो. बटाट्याला दर आहे. ‘अमक्याशी तमक्याची लढत’ ह्या वस्तूचा अर्धा दर मात्र कोणत्याही बाजारात मिळावयाचा नाही. तो दोघांच्या हटवादातूनच ठरतो.

इतिहासात हा हट्ट प्रथम ठळकपणे दिसतो तो १९०८ मध्ये. कॅनडाचा टॉमी बर्न्स हा तेव्हा जगज्जेता, आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीय योद्धा जॅक जॉन्सन त्याचा पाठलाग करीत होता. बर्न्सने ६,००० पौंडांची मागणी केली. ती कोणी मान्य करणार नाही अशा अंदाजानेच ती केली असावी असे वाटण्याइतकी ती त्या काळी अवाढव्य होती. ह्यू मॅकिन्टॉश नामक ऑस्ट्रेलियन आयोजकाने ती मान्य केली, आणि २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनी येथे लढत झाली. जॉन्सनच्या वाट्याला सुमारे १,००० पौंड आले. चौदाव्या फेरीत पोलिसांनी लढत थांबविली. जॉन्सन जगज्जेता ठरला. सहास एक हे प्रमाण योग्यतेचे नव्हते, हे त्या चौदा फेऱ्यांनी दाखविलेच; ते होते अडवणुकीच्या शक्तीचे. पद बर्न्सजवळ होते, आणि वर्णभेदाच्या त्या काळात जॉन्सनला दुसरे दार नव्हते.

पुढे १९१० मध्ये रीनो येथे जॉन्सन व जेफ्रीज ह्यांच्या लढतीसाठी १,०१,००० डॉलरची थैली बांधली गेली, आणि तिच्यातील साठ टक्के विजेत्यास व चाळीस टक्के पराभूतास मिळाले. ही रीत आपल्या इनामाच्या जवळची : वाटणीचे प्रमाण आधी ठरले, पण कोणता वाटा कोणाचा हे लढतीने ठरविले. अशा व्यवस्थेत लढतीपूर्वी भांडण्यास कारण कमी उरते, कारण आपणच जिंकणार असे दोघांनाही वाटत असते. परंतु मोठ्या योद्ध्यांना ही जोखीम पुढे नकोशी झाली. निकाल काहीही लागो, आपला आकडा आधीच लेखी हवा, ही मागणी रूढ झाली आणि तिच्याबरोबर नवा वादही जन्मास आला.

त्याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे न झालेली डेम्प्सी–विल्स लढत. जॅक डेम्प्सी १९१९ पासून जगज्जेता होता. हॅरी विल्स हा कृष्णवर्णीय योद्धा अनेक वर्षे त्याचा योग्य प्रतिस्पर्धी मानला जात होता. १९२५ मध्ये झालेला एक करार विसाराची रक्कम उभी न राहिल्याने मोडला. मग १३ मार्च १९२६ रोजी शिकागो कॉलिझियम क्लबने डेम्प्सीशी दुसरा करार केला. त्याची कलमे वाचण्यासारखी आहेत. एकूण ८,००,००० डॉलर. पैकी सही करतेवेळी रोख १० डॉलर, ५ ऑगस्टला ३,००,०००, आणि लढतीपूर्वी किमान दहा दिवस ५,००,०००. दाराशी जमणारा पैसा वीस लाखांच्या वर गेल्यास वरच्या निव्वळ नफ्यात निम्मा वाटा, चित्रपटाच्या उत्पन्नातही वाटा. शिवाय ही लढत होईपर्यंत अन्य कोणाशी लढावयाचे नाही, असे बंधन. आठ लाखांच्या व्यवहाराला दहा डॉलरचा विसार! विसाराचे काम बांधून ठेवणे हे. इतक्या हलक्या दोराने इतके मोठे जनावर बांधून राहील, असे क्लबला का वाटले असावे हे कोडेच आहे. जुलैमध्ये क्लबने विम्यासाठी वैद्यकीय तपासणीची तारीख विचारली, तेव्हा डेम्प्सीने तारेने उत्तर दिले की आपण टनीशी होणाऱ्या लढतीच्या तयारीत गुंतलो असून तुमच्याशी आपला काही करारच नाही. २३ सप्टेंबर १९२६ रोजी फिलाडेल्फियात तो जीन टनीशी लढला आणि पद गमावून बसला.

क्लब न्यायालयात गेला. इलिनॉयच्या अपील न्यायालयाने १९३२ मध्ये दिलेला निर्णय अमेरिकेत करारकायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकविला जातो. करार झाला होता व तो मोडला गेला, हे न्यायालयास मान्य होते. परंतु बुडालेल्या नफ्याची भरपाई त्याने नाकारली. लढत झालीच नाही, तेव्हा तिच्यातून किती मिळाले असते हे कोणत्याही पुराव्याने सिद्ध होणारे नाही, असा त्याचा आशय. सही आणि करारभंग ह्यांच्या दरम्यान क्लबने प्रत्यक्ष केलेला खर्च तेवढा मागता येईल, असे ठरले. वरवर कोरडा वाटणारा हा निर्णय आपल्या विषयाचे मर्म सांगून जातो : न झालेल्या लढतीला किंमत नसते, म्हणूनच ती मोडणाऱ्याला फारसे भय नसते. ह्यात विल्सचे काय झाले? १९२६ साली तो ३७ वर्षांचा होता. त्याच ऑक्टोबरात तो शार्कीशी हरला, आणि जगज्जेतेपदाची लढत त्याला कधीच मिळाली नाही. अर्थात हा केवळ पैशाचा वाद होता असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. श्वेतवर्णीय जगज्जेत्यासमोर कृष्णवर्णीय योद्धा उभा करण्यास आयोजक व शासनकर्ते कचरत होते. पैशाचा वाद हा पुष्कळदा दुसऱ्या वादाने पांघरलेली शाल असतो.

प्रमाणावरून तंटा मुळीच झाला नाही असेही एक प्रसिद्ध उदाहरण आहे. ८ मार्च १९७१ रोजी न्यूयॉर्क येथे महंमद अली व जो फ्रेझर लढले. दोघांनाही प्रत्येकी २५ लाख डॉलर. दोघेही तोवर अपराजित होते. एक गादीवरचा आणि दुसरा गादीवरून शासनाने उतरविलेला. थोर कोण हे ठरविणे कोणालाच शक्य नव्हते, म्हणून समान वाटा दोघांनाही मानवला. वाटणीचे प्रमाण हे लढतीपूर्वीच जाहीर होणारा एक निकाल असते, हे ह्यावरून उलट बाजूने ध्यानात यावे.

प्रमाण योद्ध्यांच्या हातून काढून घेण्याचा एक उपाय अलीकडच्या व्यवस्थेत आहे. मान्यता देणाऱ्या संस्थेने नेमलेला आव्हानवीर आणि जगज्जेता ह्यांचे मुदतीत जमले नाही, तर लढत भरविण्याचा हक्क बोलीला काढतात. किनाऱ्यावरील मासळीच्या लिलावात बोली उघड्यावर चढते आणि दुसऱ्याची ऐकून आपली वाढविता येते. ही बोली तशी नव्हे. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत ज्याने कधी सीलबंद निविदा भरली असेल त्याला ती लगेच कळेल : पाकीट एकदाच, आकडा एकच. २८ जानेवारी २०२२ रोजी टायसन फ्यूरी व डिलियन व्हाइट ह्यांच्या लढतीसाठी अशी पाकिटे उघडली गेली, आणि फ्रँक वॉरन ह्यांची ४,१०,२५,००० डॉलरची बोली सर्वांत मोठी ठरली. तिचा दहावा हिस्सा विजेत्यासाठी बाजूस ठेवून उरलेल्याची वाटणी संस्थेने ऐंशी-वीस अशी केली : फ्यूरीस २,९५,३८,००० आणि व्हाइटला ७३,८४,५००. व्हाइटच्या पक्षाला हे प्रमाण जाचले, परंतु २३ एप्रिलला लंडनमध्ये लढत झाली. बाजूस ठेवलेला तो दहावा हिस्सा म्हणजे जुन्या इनामाचा उरलेला अवशेषच म्हणावयाचा.

जेथे दोघेही जगज्जेते असतात तेथे हा उपाय सहसा चालत नाही. २०२३ च्या मार्चमध्ये फ्यूरीने ओलेक्सांद्र उसिक ह्याच्यापुढे सत्तर-तीसची अट जाहीरपणे ठेवली. उसिकजवळ तीन संस्थांची पदे होती, फ्यूरीजवळ एक. उसिकने अट मान्य केली. फ्यूरीने युक्रेनला दहा लाख पौंड द्यावेत एवढेच मागितले. येथे वाद मिटावयास हवा होता. परंतु त्याच महिन्यात बोलणी फिसकटली, ती परतीच्या लढतीच्या कलमांवरून. ह्यात नवल नाही : पहिल्या लढतीचे प्रमाण मिटले की भांडण दुसऱ्या लढतीच्या प्रमाणाकडे सरकते, कारण तेव्हा श्रेष्ठ कोण हे बदललेले असण्याचा संभव असतो. अखेर १८ मे २०२४ रोजी रियाध येथे सौदी पैशाच्या बळावर लढत झाली व उसिक जिंकला. त्याआधी फ्यूरी आणि अँथनी जोशुआ ह्यांची ऑगस्ट २०२१ साठी ठरलेली लढत तर तिसऱ्याच्याच हक्कामुळे मोडली होती. डिऑन्टे वाइल्डरला तिसरी लढत देणे फ्यूरीवर बंधनकारक आहे, असा निवाडा लवादाने त्या वर्षी मे महिन्यात दिला.

मग कुस्तीत पैशाचा तंटा नाहीच काय? आहे, परंतु तो कुस्तीनंतरचा. कुस्ती बरोबरीत सुटली की इनाम कोणाचे, हा एक. मल्लांच्या बोलीत कुस्ती ‘सुटणे’ म्हणजे निकालाविना थांबणे. प्रश्न सुटणे ह्याहून किती निराळे! दोघांनी आधीच इनाम वाटून घ्यावयाचे ठरविले असेल ही शंका हा दुसरा. अशा ठरवून केलेल्या कुस्तीला नुरा कुस्ती हे नाव आहे, आणि निकाली कुस्तीचा आग्रह धरणारे प्रेक्षक ह्याच शंकेपोटी तो धरतात. तिसरा तंटा जाहीर झालेले प्रत्यक्ष हाती पडण्याचा. एप्रिल २०२२ मध्ये सातारा येथे महाराष्ट्र केसरी किताब जिंकल्यावर पृथ्वीराज पाटील ह्याने आपणास गदा मिळाली, रोख बक्षीस मात्र मिळाले नाही, असे जाहीरपणे सांगितले. बर्न्सप्रमाणे आधी आकडा लिहून घेऊन मगच आखाड्यात उतरण्याची सोय त्या मल्लापाशी नव्हती.