हातांची भाषा कोण वाचणार?

घरात पाहुण्यांची वर्दळ आहे. मावशीने हौसेने खेळणे आणले आहे. चार वर्षांचा भाचा मात्र मावशीकडे पाहतही नाही. खेळणे घेऊन तो खिडकीपाशी जातो आणि दोन्ही हात पंखांसारखे फडफडवत राहतो. "किती हट्टी आहे!", "आईनेच लाडावून ठेवलंय," असे शेरे कानावर येतात. आई मान खाली घालते. स्वमग्न मूल असलेल्या अनेक घरांत असे प्रसंग घडतात. मुलाला आनंद झाला होता आणि तो त्याने हातांनी व्यक्त केला होता, हे मात्र कुणाच्या लक्षातच येत नाही.

दोष आईचा नाही

१९४३ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ११ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि 'ऑटिझम' म्हणजेच स्वमग्नता वैद्यकशास्त्रात चर्चेत आली. दुर्दैवाने पुढे आईच्या कोरड्या वागण्यामुळे मूल असे होते, असा समज पसरला. कित्येक मातांनी हा कलंक निमूटपणे सोसला. १९६४ मध्ये मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी पुस्तक लिहून या समजाला आव्हान दिले. ते स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. स्वमग्नतेचे मूळ मेंदूच्या वेगळ्या जडणघडणीत आहे आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे आता सर्वमान्य आहे.

भावना आहेत, पण...

स्वमग्न व्यक्तींना भावनाच नसतात, हा दुसरा गैरसमज. भावना असतात, कधी कधी त्या अतिशय तीव्रही असतात. मात्र सुमारे निम्म्या स्वमग्न व्यक्तींना आपल्या मनात नेमके काय चालले आहे, हे ओळखणे आणि शब्दांत सांगणे अवघड जाते. या अडचणीला 'अ‍ॅलेक्सिथायमिया' म्हणतात. ती स्वमग्न नसलेल्या काही लोकांतही आढळते. इतरांच्या चेहऱ्यावरील भाव ओळखताना होणाऱ्या चुकांमागे पुष्कळदा स्वमग्नता नसून हीच अडचण असते, असे ब्रिटिश संशोधक जेफ्री बर्ड आणि रिचर्ड कुक यांनी २०१३ मध्ये मांडले.

चाल वेगळी, अर्थ वेगळा

त्याच वर्षी जेनिफर कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. स्वमग्न आणि इतर प्रौढांना हात एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे हलवायला सांगितले. स्वमग्न व्यक्तींच्या हालचाली अधिक वेगवान आणि झटकेदार असल्याचे आढळले.

आपण समोरच्याचा राग, आनंद किंवा घाई त्याच्या हालचालींवरूनही ओळखतो. मग हालचालींची लयच वेगळी असेल तर? २०१६ मधील एका ब्रिटिश प्रयोगात सहभागींनी दोन त्रिकोण हलवून चिडवणे, चकित करणे, गोडीगुलाबीने वळवणे असे भाव दाखवले. स्वमग्न नसलेल्यांना आपल्यासारख्यांचे त्रिकोण चांगले समजले, पण स्वमग्न व्यक्तींनी हलवलेले त्रिकोण वाचताना ते चुकले.

म्हणजे 'याला दुसऱ्याचे मन कळत नाही' ही तक्रार एकतर्फी ठरते. त्याचे मन आपल्यालाही कुठे कळते? स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्येच हे सांगितले होते. दरी दोन्हीकडून असते, तेव्हा पूलही दोन्हीकडून बांधायला हवा.

घरच्यांनी काय करावे?

मूल हाकेला प्रतिसाद देत नसेल, बोटाने वस्तू दाखवत नसेल किंवा बोलणे लांबले असेल, तर 'होईल मोठेपणी ठीक' म्हणून थांबू नये. बालरोगतज्ज्ञांना लवकर दाखवावे. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे.

मुलाने हात कधी फडफडवले, कान कधी झाकले, येरझाऱ्या कधी घातल्या, याची वहीत नोंद ठेवावी. काही आठवड्यांत आनंदाची हालचाल कोणती आणि त्रासाची कोणती, हे उमगू लागते. इजा होत नसेल तर हात धरून ती बळजबरीने थांबवू नये. 'माझ्याकडे बघ' असा धोशाही लावू नये. नजर दुसरीकडे असली तरी कान आपल्याकडे असू शकतात.

पुढच्या वेळी पाहुणे आले, की आईने मान खाली घालण्याचे कारण नाही. "त्याला खेळणं आवडलं, बघा, हात कसे नाचताहेत!" एवढे तिने सांगितले तरी मावशीला भाच्याचे पहिले अक्षर वाचता येईल.