मंद आच, भाग ७ : राजमा, पोर्क आणि धुळ्याची भाची

ताईची मुलगी डॅलसला असते, मूळची धुळ्याची. गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तिने स्लो कुकर नावाचं जाडजूड विजेचं भांडं दाखवलं. ‘मामा, सकाळी यात राजमा आणि पोर्क टाकून कामावर जायचं, आलं की जेवण तयार. आपला काळा मसाला चालेल ना?’

मसाला धावेल. मला काळजी वाटली राजम्याची.

गंमत म्हणजे हे भांडं जन्मलंच कडधान्यासाठी. शिकागोच्या आयर्व्हिंग नॅक्सनची आई लिथुआनियातल्या ज्यू वस्तीतल्या आठवणी सांगायची. शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, चूल पेटवायची नाही, म्हणून शुक्रवारी सांजेला कडधान्य, बटाटे, मांस भरलेलं मडकं बेकरीच्या निवत्या भट्टीत ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी खायचं. त्यावरून नॅक्सनने विजेचं भांडं घडवलं. पेटंट मिळालं 1940 साली, नाव होतं ‘बीनरी’. 1971 मध्ये रायव्हल कंपनीने त्याला ‘क्रॉक-पॉट’ म्हणून घराघरांत नेलं. त्या मूळ मडक्यात डुक्कर असणं अर्थातच शक्य नव्हतं. आपल्या देशात तर 1910 मध्येच कोलकात्याच्या इंदुमाधव मल्लिकांनी कोळशावरचा इकमिक कुकर काढला होता. आमच्या आजीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती रात्री गोवरीचा निखारा राखेत दाबून त्यावर अख्ख्या उडदाचं मडकं ठेवायची. पण ठेवण्याआधी चांगली खळखळ उकळी आणायची, आणि मुद्दा तिथेच आहे.

राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं विष असतं, लाल राजम्यात सर्वांत जास्त. मूठभरही लागत नाही, चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी काही तासांत उलट्या सुरू होऊ शकतात. खरी मेख अशी, की 80 अंशांवर रेंगाळलेला राजमा कच्च्यापेक्षाही घातक ठरू शकतो. स्लो कुकर, विशेषतः मंद खटक्यावर, नेमका तिथेच तासन्‌तास रेंगाळतो. दाणा मऊ लागतो आणि विष तसंच राहतं. म्हणून रात्रभर भिजवा, ते पाणी ओतून द्या, नव्या पाण्यात गॅसवर अर्धा तास जोरात उकळा आणि मगच भांड्यात घाला. आमच्याकडे प्रेशर कुकरच्या शिट्ट्या हे काम आपसूक करतात, त्यामुळे आपल्याला हे कधी कळलंच नाही.

डुकराच्या खांद्याच्या मांसाचं उलट आहे. त्याला घाई चालत नाही. त्यातले चिवट धागे सात-आठ तासांच्या मंद उष्णतेत विरघळतात आणि रस्सा चिकटसर, दाट होतो.

तिला सांगितलेलं प्रमाण असं. दोन वाट्या सुका राजमा, पाऊण किलो पोर्क. मांस फ्रीझरमधलं गोठलेलं थेट टाकायचं नाही. दोन कांदे आणि अर्धी वाटी सुकं खोबरं काळपट होईस्तोवर भाजून लसणीबरोबर वाटायचं. मांस कढईत थोडं लाल करायचं, दोन मोठे चमचे काळा मसाला, मीठ आणि उकळलेला राजमा घालायचा, गरम पाणी वर बोटभर. तेल वेगळं नको, पोर्कची चरबी सुटली की तर्री आपोआप वर येते. मंद खटक्यावर आठ तास. झाकण उघडून डोकावायचं नाही. दर वेळी आत कोंडलेली ऊब निघून जाते.

चिंच शेवटी. आंबटपणाने दाण्याची साल घट्ट होते आणि आठ तासांनंतरही राजमा कचकच लागतो. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत फेजोआदा या राजमा-पोर्कच्या रश्श्यासाठी राजमा आधी शिजवतात आणि चोरिस, म्हणजे व्हिनेगरात मुरलेलं पोर्कचं सॉसेज, त्यात नंतर पडतं, तेही याला धरूनच. बोअरच्या जड पाण्यातही असंच होतं. जळगावात ज्यांची डाळ शिजत नाही त्यांनी डाळीला दोष देऊ नये. चिमूटभर खायचा सोडा टाकून पाहावा.

इथे मी हेच बोकडाच्या मटणाच्या नळ्या घालून करतो, पोर्क आमच्या गल्लीत कुठलं मिळायला. वीज फारशी जळत नाही, आठ तासांत दीड युनिट. अडचण भारनियमनाची. दुपारी दोन तास वीज गेली आणि घरात कोणी नसलं, तर कोमट पडलेलं मांस सरळ फेकावं लागतं. मागच्या मे महिन्यात मी एकदा तसं फेकलं आहे, आणि त्या दिवशी संध्याकाळी शेवभाजी खाल्ली.

पुढच्या भागात : काळा मसाला नेमका किती काळा भाजायचा?