तरसाचा फोटो काढताना

टी.व्ही.वर आफ्रिकेचे जंगल लागले की आमच्या मोऱ्याच्या घरातली मुले पुढे सरकून बसतात. सिंहाच्या शिकारीभोवती घुटमळणारा, हसल्यासारखा ओरडणारा तरस दिसला की भाच्याचा प्रश्न ठरलेला, "मामा, आपण आफ्रिकेला कधी जायचं?" कारकुनाच्या पगारात आफ्रिका बसत नाही. परंतु तरस पाहायला तितक्या दूर जाण्याची गरजही नाही, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते.

तरसाच्या कुळात जगात ४ जाती आहेत. टी.व्ही.वर दिसतो तो ठिपकेदार. तो कळपाने राहतो, कळपात मादीचा शब्द चालतो आणि बरेचसे अन्न तो स्वतः शिकार करून मिळवतो. आपल्याकडचा तरस पट्टेरी. तो बहुधा रात्री, एकटाच फिरतो आणि मुख्यतः मेलेल्या जनावरांवर जगतो. हाडेसुद्धा फोडून खातो. त्यामुळे माळावर मढे सडत पडत नाही. तरीही लोक त्याला अपशकुनी आणि घाणेरडा म्हणतात. घाण साफ करणाऱ्यालाच घाणेरडे म्हणण्याची रीत आपल्याला नवी नाही.

पुणे वन विभागाने अलीकडे इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथे गवताळ माळरानाची सफारी सुरू केली आहे. लांडगा, चिंकारा, खोकड आणि नशीब असेल तर तरस तेथे दिसतो. गेल्या हिवाळ्यात भाच्याला घेऊन आम्ही पनवेलहून एस.टी.ने इंदापूर गाठले आणि पुढे कडबनवाडीला गेलो. कॅमेरा एका मित्राकडून मागून आणलेला.

दिवस मावळायला आला होता. ओढ्याच्या काठाने एक तरस सावकाश चालत आला. आमच्या गाडीकडे त्याचे लक्षही नव्हते. भाच्याने थरथरत्या हाताने एक फोटो काढला. तेवढ्यात गाडीतल्या एका गृहस्थांनी, त्याने इकडे पाहावे म्हणून, दारावर जोरात थाप मारली. तरस दचकला. मानेपासून शेपटीपर्यंतचे केस ताठ उभे राहिले आणि तो एकदम दुप्पट मोठा दिसू लागला. सगळ्यांचे कॅमेरे वाजले. "काय रुबाब आहे!" कोणी म्हणाले. दुसऱ्या क्षणी तो ओढ्यात उतरला, तो पुन्हा दिसलाच नाही.

मार्गदर्शक मुलगा रागावून म्हणाला, "साहेब, तो रुबाब नव्हता. भ्यायला की तरस असे केस उभे करतो." आम्ही मान खाली घातली, कारण बटण आम्हीही दाबले होते.

तेव्हा ज्यांना असा फोटो काढायचा असेल त्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. गाडीतून उतरू नये आणि हात किंवा अंग बाहेर काढू नये. तरस सहसा माणसाच्या वाटेला जात नाही, पण त्याचा जबडा हाडे फोडणारा आहे. कोंडीत सापडलेले किंवा पिल्ले जवळ असलेले जनावर काय करील याचा नेम नसतो. गाडी उभी करून इंजिन बंद करावे, म्हणजे कॅमेराही हलत नाही. जवळ जाण्यापेक्षा लांबचे ओढणारी लेन्स वापरावी. तांदूळ भरलेली कापडी पिशवी खिडकीवर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवावी. महागड्या स्टँडचे काम ती करते. पहाटे व सांजेला उजेड कमी असतो, म्हणून कॅमेऱ्याचा आय.एस.ओ. वाढवावा, परंतु फ्लॅश मारू नये. रात्री फिरणाऱ्या जनावराचे डोळे त्याने दिपतात. मांस टाकून तरसाला बोलावू नये. त्याला माणसाकडून खाण्याची सवय लागली तर तो वस्तीकडे येतो आणि दगडांनी मारला जातो. त्याच्या बिळाकडे तर फिरकूच नये.

आपल्यापैकी कोणी नोकरीनिमित्त केनिया-टांझानियाला गेले, मसाई मारा किंवा सेरेंगेटी पाहिले, तर तेथेही हेच नियम पाळावेत. तेथला ठिपकेदार तरस रात्री तंबूंपर्यंत येतो. म्हणून तंबूत अन्न ठेवू नये, तंबूची चेन नीट लावावी आणि अंधारात एकट्याने बाहेर पडू नये.

परतताना एस.टी.त भाच्याने विचारले, "मामा, तो आपल्यामुळे घाबरला ना?" आम्ही हो म्हणालो. घरी आल्यावर त्याने केस उभारलेल्या तरसाचा फोटो काढून टाकला. भिंतीवर लावला तो थाप पडण्याआधीचा. फोटो थोडा हललेला आहे, पण त्यातला तरस आपल्या वाटेने निवांत चालला आहे.