विश्लेषण : विंडोज चुकून पुसली गेली, तर परवानाही जातो का?

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स वापरून पाहावे म्हणून कुणी पेनड्राइव्ह लावतो, घाईत ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय निवडतो आणि काही मिनिटांत विंडोज, तिची रिकव्हरी आणि घरचे फोटो असे सगळेच जाते. पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ हा संदेश दिसला, की पहिली चिंता असते ती नवी विंडोज विकत घ्यावी लागण्याची. प्रत्यक्षात विंडोज बहुतेक वेळा विनाखर्च परत येते. खरा धोका असतो तो फायलींना, आणि विंडोज परत आणण्याच्या घाईत तो आणखी वाढतो.

परवाना नेमका कुठे असतो?

पूर्वी लॅपटॉपच्या तळाशी २५ अक्षरांच्या प्रॉडक्ट कीचे स्टिकर असे. २०१२ मध्ये विंडोज ८ आल्यानंतर ही की कारखान्यातच मदरबोर्डवरील फर्मवेअरमध्ये साठवली जाऊ लागली. २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर डिजिटल परवाना आला. यात संगणकाच्या हार्डवेअरची ओळख मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदलेली असते. त्यामुळे डिस्क फॉरमॅट केली किंवा बदलली, तरी परवाना शाबूत राहतो. मदरबोर्ड बदलल्यास मात्र अडचण येऊ शकते.

सर्वांत आधी काय करावे?

संगणक बंद करावा. हार्ड डिस्कवरून पुसलेल्या फायली त्या जागेवर नवे काही लिहिले जाईपर्यंत शिल्लक असू शकतात. नवी विंडोज टाकणे म्हणजे त्याच जागेवर लिहिणे. एसएसडीमध्ये ‘ट्रिम’ या सुविधेमुळे पुसलेली जागा लवकर रिकामी केली जाते, म्हणून तेथे आशा कमी असते. हव्या त्या फायली वनड्राइव्ह, गुगल ड्राइव्ह किंवा फोनमध्ये आहेत का, हे प्रथम पाहावे. नसतील आणि त्या मोलाच्या असतील, तर आधी डेटा रिकव्हरीच्या जाणकाराकडे जावे. डिस्कवर बिटलॉकर सुरू असेल, तर ४८ अंकी रिकव्हरी कीही लागेल. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते.

विंडोज परत कशी टाकावी?

दुसऱ्या विंडोज संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत संकेतस्थळावरून ‘मीडिया क्रिएशन टूल’ मोफत उतरवता येते. त्यासाठी किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो. त्यातील आधीचे सगळे पुसले जाते, हे विसरू नये. पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू करताना बूट मेनूची कळ दाबावी. डेल आणि लेनोव्होच्या अनेक लॅपटॉपवर ती एफ१२, तर एचपीवर एफ९ असते. प्रॉडक्ट की विचारल्यास ‘माझ्याकडे की नाही’ या अर्थाचा पर्याय निवडावा. आवृत्ती मात्र पूर्वीचीच हवी. होम असेल तर होम, प्रो असेल तर प्रो. इंटरनेट जोडल्यावर विंडोज आपोआप सक्रिय होते.

वायफाय दिसत नसेल तर?

नव्या विंडोजमध्ये वायफायचा ड्रायव्हर नसणे, हा नेहमीचा अडथळा. अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू केल्यास बहुतेक वेळा इंटरनेट मिळते. मग लॅपटॉपचा अनुक्रमांक टाकून कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर घ्यावेत.

विंडोज १० टाकावी की ११?

विंडोज १०चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. संगणकात टीपीएम २.०, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि मान्य प्रोसेसर असेल, तर विंडोज १०च्या परवान्यावरच ११ टाकता येते.

मॅक असेल तर?

इंटेल प्रोसेसरच्या मॅकवर सुरू होताना शिफ्ट, ऑप्शन, कमांड आणि आर या कळा एकत्र दाबून ठेवल्यास मूळची किंवा तिच्या जवळची उपलब्ध मॅकओएस इंटरनेटवरून उतरते. अॅपलच्या स्वतःच्या चिपच्या मॅकवर पॉवर बटण दाबून ठेवल्यास रिकव्हरीचे पर्याय येतात.

कोणती चूक टाळावी?

परवाना शिल्लक असताना ‘क्रॅक’ केलेली विंडोज टाकून घेण्याची. अशा प्रतीसोबत पासवर्ड चोरणारे सॉफ्टवेअर येऊ शकते, आणि त्याच लॅपटॉपवरून पुढे बँकेचे व्यवहार होतात. विंडोज पुन्हा उतरवता येते, फोटो नाही. म्हणून लॅपटॉप पुन्हा सुरू झाल्यावर पहिले काम बाह्य डिस्कवर फायलींची दुसरी प्रत काढून ठेवण्याचे.