परताव्याचा ताप

रक्तदाब एकाएकी वाढलेला, झोप उडालेली, जेवणावर वासना नाही. तपासण्यांत मात्र विशेष काही सापडत नाही. लालबाग-परळच्या वयस्कर रुग्णांमध्ये हे चित्र मी हल्ली पाहतो. आडून आडून विचारले की कळते, खात्यातले पैसे गेलेत आणि घरी सांगायची लाज वाटते.

कारण बहुधा एक ई-मेल किंवा संदेश : ‘तुमचा प्राप्तिकराचा परतावा मंजूर झाला आहे.’ ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने असा एक संदेश खोटा असल्याचे जाहीर केले. त्यात १५,४९० रुपये मंजूर झाल्याचे सांगून, दिलेला खाते क्रमांक चुकीचा असल्यास सोबतच्या लिंकवर दुरुस्त करा, असे म्हटले होते. क्रमांक चुकीचाच असणार! तो दुरुस्त करायला गेलेला माणूस आपल्या हाताने खरा क्रमांक देऊन बसतो. ठेवींच्या व्याजावर करकपात झालेल्या निवृत्तांना तर परतावा खराच येणे असतो. त्यामुळे शंका येत नाही.

लक्षणे : ‘आजच माहिती भरा’ अशी घाई, पासवर्ड, ओटीपी, कार्डाचा तपशील यांची मागणी, फोनवर एखादे ॲप घ्यायचा आग्रह.

प्रतिबंध : खरा परतावा तुम्ही आधी पडताळून घेतलेल्या बँक खात्यात थेट जमा होतो. प्राप्तिकर खाते ई-मेलने पिन वा पासवर्ड मागत नाही. पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. शंका आल्यास लिंक न उघडता ‘इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन’ हा पत्ता स्वतः टाइप करून पाहा.

उपचार : हृदयविकाराच्या झटक्याप्रमाणे येथेही पहिला तास मोलाचा. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा आणि बँकेला कळवा. पैसे पुढे काढले गेले नसतील, तर ते गोठवता येतात.

मुला-सुनांना एक विनंती. घरातल्या वडीलधाऱ्यांवर रागावू नका. बोलणी खावी लागतील या भीतीने ते दोन दिवस गप्प राहतात, आणि तेवढ्यात पैसे हातचे जातात. या दिवसांत त्यांच्या रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या चुकत नाहीत ना, ते पाहा. छातीत दुखले किंवा दम लागला, तर ‘टेन्शन असेल’ म्हणून घरी थांबू नका. लगेच डॉक्टरांकडे न्या.