लहान धक्के काय सांगतात?

कोयना खोऱ्यात सौम्य धक्का बसला की वृत्तपत्रात दोन ओळींची बातमी येते आणि ‘कोठेही हानी नाही’ या वाक्याने संपते. भूकंपशास्त्रज्ञांचे काम मात्र तेथूनच सुरू होते. आपल्या बरकतपुऱ्याहून काही किलोमीटरवर, उप्पल रस्त्यावरील राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेत या धक्क्यांचा अभ्यास अनेक वर्षे चालू आहे.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला ६.३ महत्तेचा भूकंप झाला. पावणेदोनशेच्या वर माणसे दगावली. जलाशयाचे पाणी खडकाच्या भेगांत झिरपते, तेथला दाब वाढतो आणि आधीच सरकण्याच्या बेतात असलेल्या खडकाची पकड सुटते. म्हणून त्या लहानशा टापूत आजही धक्के थांबलेले नाहीत.

खडक सरकला की दोन प्रकारच्या लहरी निघतात. प्राथमिक लहर सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर धावते, दुय्यम लहर साडेतीन. दोन्ही पोहोचण्यात एका सेकंदाचा फरक पडला, तर धक्क्याची जागा साधारण आठ किलोमीटरवर. अशी तीन-चार केंद्रांवरची अंतरे जुळवली की जागा आणि खोली कळते.

पहिल्या लहरीने काही केंद्रांवर जमीन आधी वर ढकलली जाते, काही ठिकाणी खाली ओढली जाते. या नोंदी एकत्र मांडल्या की खडक कोणत्या प्रतलावर सरकला, याची दोन संभाव्य उत्तरे मिळतात. खरे कोणते, हे एकटा धक्का सांगत नाही. शेकडो धक्क्यांच्या जागा मांडल्यावर रांगोळीच्या ठिपक्यांसारखी त्यांची ओळ दिसू लागते. ती ओळ म्हणजे जमिनीखालची भेग. भूगोलाच्या पुस्तकातला ‘प्रस्तरभंग’.

येथे आपला ‘ताण’ हा शब्द थोडा फसवतो. ताण म्हटले की ओढ आठवते; पण इतक्या खोलीवर खडक सर्व बाजूंनी दाबलेलाच असतो. प्रश्न एवढाच, की दाब कोणत्या बाजूने अधिक आहे. कोयनेकडे तो आडवा अधिक, म्हणून खडक एकमेकांशेजारून घसरतात. दक्षिणेला वारणेकडे वरच्या खडकाचे वजन भारी ठरते आणि एक बाजू खाली खचते. असे अनुमान पडताळण्यासाठी गोठणे येथे सुमारे तीन किलोमीटर खोल विंधनविवर घेतले गेले. सव्वा किलोमीटर बेसाल्ट संपल्यावर त्याखाली ग्रॅनाइटी खडक लागला.

‘लहान धक्क्यांनी जोर निघून जातो, मोठा भूकंप टळतो,’ असे पुष्कळांना वाटते. हिशेब तसा नाही. महत्ता एकाने वाढली की ऊर्जा सुमारे बत्तीस पट होते. म्हणजे ६ महत्तेच्या एका भूकंपाची ऊर्जा निघून जायला ४ महत्तेचे हजार धक्के लागतील. पुढच्या भूकंपाची तारीखही ते सांगत नाहीत. भेग कोठे आहे आणि ती कशी सरकेल, एवढे मात्र सांगतात. कोणत्या गावातली शाळा आणि घरे आधी मजबूत करावीत, हे ठरवताना त्याचा उपयोग होतो.