नव्या बटणाची दाद

जॉन रेसिग या अमेरिकन प्रोग्रॅमरने २००६ साली जेक्वेरी ही जावास्क्रिप्टची लायब्ररी प्रसिद्ध केली, त्या काळी हँडलर नेमण्याची इंटरनेट एक्सप्लोररची रीत एक आणि इतर ब्राउझरांची दुसरी, अशी अवस्था होती. तो सारा जाच लायब्ररीने आपल्या अंगावर घेतल्यामुळे पान रचणाऱ्याचे काम पुष्कळच हलके झाले. नवशिक्यांचे प्रश्न मात्र बहुधा या सोयीच्या आड चालणाऱ्या व्यवहाराविषयीचे असतात, आणि त्यांची सविस्तर उत्तरे त्यांना मिळालीच पाहिजेत.

वाचकाने बटण दाबणे, रकान्यात अक्षर उमटवणे अशा प्रत्येक कृतीला इव्हेंट म्हणतात, आणि ती घडताच चालावयाच्या फंक्शनला हँडलर. तो नेमताना फक्त त्याचे नाव कळवावयाचे असते. नावापुढे कंस जोडले, की फंक्शन तिथल्या तिथे चालून मोकळे होते, आणि पुढे बटण दाबले जाते तेव्हा त्याची दखल घ्यायला बहुधा कोणीच नेमलेले नसते.

याहून मोलाचा प्रश्न निराळाच आहे. समजा, पानावर कामांची यादी आहे, प्रत्येक कामापुढे ‘काढून टाका’ असे बटण आहे, आणि ती सर्व बिनतक्रार चालतात. मग ‘वीजबिल भरणे’ हे नवे काम यादीत दाखल होते, त्याच्यापुढेही हुबेहूब तसेच बटण उमटते, पण ते कितीही दाबले तरी काही घडत नाही. याचे कारण असे, की हँडलर नेमण्याचा हुकूम ज्या क्षणी बजावला गेला, त्या क्षणी पानावर हजर असलेल्या बटणांनाच तो लागू झाला.

इलाज इव्हेंटच्या स्वभावातच आहे. गावची फिर्याद पाटलाकडून मामलेदाराकडे आणि तेथून कलेक्टर कचेरीत जावी, तशी बटणावरची क्लिक बटणाकडून ओळीकडे, ओळीकडून यादीकडे, आणि तेथून थेट दस्तऐवजाच्या मुळापर्यंत चढत जाते. म्हणून प्रथमपासून हजर असलेल्या यादीवरच एक हँडलर नेमावा, आणि हँडलर नेमण्याचे जेक्वेरीचे ‘ऑन’ लिहिताना इव्हेंटचे नाव व हँडलर यांच्या मध्ये बटणाची खूण नमूद करावी, म्हणजे आजच्या आणि उद्याच्या सर्व बटणांची वर्दी तेथे पोहोचते. हे ‘ऑन’ २०११ साली १.७ आवृत्तीत आले. तत्पूर्वीचे ‘लाइव्ह’ सगळा भार दस्तऐवजाच्या मुळावर टाकीत असे, ते १.९ आवृत्तीत काढून टाकले गेले, हे माझ्या मते योग्यच झाले.

ही चढण अडवण्याची मुभाही आहे, परंतु ती जपून वापरावी. हँडलरच्या अखेरीस ‘रिटर्न फॉल्स’ लिहिण्याची सवय फार लवकर जडते, आणि जेक्वेरीत तिचे परिणाम दोन होतात: लिंकने दुसऱ्या पानावर नेण्यासारखी ब्राउझरची स्वाभाविक कृती थांबते, आणि इव्हेंटचा वरचा प्रवासही खुंटतो. केवळ पहिलेच अभिप्रेत असेल तर ‘प्रिव्हेंट डिफॉल्ट’ एवढेच लिहावे. नाहीतर बटणावर थेट नेमलेल्या एखाद्या हँडलरने ‘रिटर्न फॉल्स’ म्हटले, की यादीवरच्या हँडलरपर्यंत ती क्लिक पोहोचतच नाही.